भगवानदादांचा सोपा नाच

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ताच आपल्या मुलींनी भरतनाट्यम सादर केलं. त्यामागे आठ-दहा वर्षांची मेहनत आहे. त्यानंतर मी ज्या नाचाबद्दल बोलणार आहे, तो कुणी कुठल्या वर्गात शिकत नाही. गेल्या वर्षी विसर्जनाला बँड सुरू झाला आणि आपले सत्तरी ओलांडलेले एक काका दोन्ही हात छातीशी घेऊन, खांदे हलवत नाचू लागले, आठवतंय? आपण सगळे हसलो. तो नाच भगवानदादांचा.

भगवान आबाजी पालव. जन्म 1913 चा. वडील मुंबईत गिरणी कामगार. दादांनी स्वतःही मजुरी केली, तालमीत घाम गाळला आणि मूकपटात शिरले. 1938 साली ‘बहादूर किसान’चं सहदिग्दर्शन केलं. पुढची दहा-अकरा वर्षं कमी पैशांत, झटपट, मारामारीचे चित्रपट काढले. हे चित्रपट पाहायला कामगार वस्तीतला प्रेक्षक गर्दी करी. सुशिक्षित मंडळी नाक मुरडत. चेंबूरला जागा घेऊन दादांनी 1947 मध्ये जागृती स्टुडिओ उभारला, तो या प्रेक्षकाच्या जोरावर.

याच काळातली एक गोष्ट मी टाळणार नाही. गौरवाच्या भाषणात ती सहसा गाळतात. 1942 साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात दादांनी ललिता पवारांना मारायची थप्पड फार जोरात बसली. त्यांच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिका म्हणून असलेली त्यांची वाट तिथेच संपली. पुढे चरित्रभूमिकांत ललिताबाईंनी जे मिळवलं ते स्वतःच्या बळावर. ‘नियतीचा खेळ’ म्हणून ही थप्पड विसरायची, हे मला पटत नाही.

आता ‘अलबेला’. सामाजिक चित्रपट काढ, असा सल्ला राज कपूरनी दिला असं सांगतात. 1951 साली तो आला. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक दादाच. नायिका गीता बाली. गोष्ट अगदी साधी: नाटकाचं वेड असलेला गरीब घरातला प्यारेलाल, घरचे त्याला नालायक समजतात, तो घर सोडतो आणि रंगभूमीवर नाव काढतो. नायक बुटका, अंगाने भरलेला, चेहरा आपल्या शेजाऱ्यासारखा. अशा माणसाला गीता बालीसमोर उभं करायचं धाडस आज कोण करेल?

संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. दादांच्या 1942 च्या ‘सुखी जीवन’पासूनची ही जोडी. ‘अलबेला’त दादांसाठी चितळकर स्वतः गायले. आणि गोव्यात राहणाऱ्या आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. चितळकरांचे साहाय्यक होते आपल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट. ‘अलबेला’तल्या एका गाण्यात ते आपला बँड घेऊन पडद्यावर दिसतात, झालरीचे शर्ट घातलेले. गिरणगावचा नाचणारा, नगर जिल्ह्यातला गाणारा, बार्देशातला वाजवणारा. विसर्जनाच्या बँडवर आजही ती गाणी वाजतात, त्यात हा आपला वाटा आहे.

नाच सोपा का वाटतो ते बघा. पाय जमिनीवरून फारसे उचलले जात नाहीत. गुडघे किंचित वाकलेले, वजन एका पायावरून दुसऱ्यावर, कोपरं अंगाजवळ, बाकी काम मनगटं आणि खांदे करतात. गुडघ्यांतलं ते वाकणं मला आखाड्यातल्या पवित्र्यासारखं दिसतं. या नाचाला दोन फूट जागा पुरते. पुढे ट्रॉली, मागे ढोल, दोन्ही बाजूंना माणसं, अशा मिरवणुकीत दुसरा कुठला नाच चालेल? अमिताभ बच्चन नाचताना हीच लकब दिसते आणि लोक ती अमिताभची म्हणून सांगतात. दादा तालाच्या मागे धावत नाहीत, ताल अंगाशी येईपर्यंत थांबतात. हे करून पाहा. मी आरशासमोर दार लावून पाहिलं आहे. काकांना जमतं, मला नाही. ज्याची नक्कल सगळ्यांना येते त्याला आपण कलावंत म्हणत नाही, नकलेपुरता ठेवतो. दादांचं तेच झालं.

उतरणीबद्दल थोडक्यात सांगतो. ‘झमेला’ आणि पुढच्या चित्रपटांना ‘अलबेला’चं यश आलं नाही. ‘हँसते रहना’ अर्धवट राहिला, त्यात पैसा बुडाला. जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या, दादा दादरच्या चाळीत राहायला आले. पोटासाठी मिळेल ती छोटी कामं केली. अनेकदा दिग्दर्शकाला त्यांच्याकडून तेवढाच हवा असायचा, तो नाच. पंधरा सेकंदांचा. पाहुण्यासमोर पोराला ‘करून दाखव रे’ म्हणावं तसा. मला ते प्रसंग पाहवत नाहीत, पण दादा त्यातही ताल सोडत नाहीत. 2002 साली ते गेले, वयाच्या 88 व्या वर्षी. त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला 2016 मध्ये. मंगेश देसाईंनी दादा छान उभे केले आहेत, जरूर पाहा.

दादांच्या चाळीबद्दल एक आठवण सांगतात. गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या घरासमोर थांबायच्या, बँडवाले ‘अलबेला’चं गाणं धरायचे आणि म्हातारे दादा चार पावलं नाचून दाखवायचे. तिथे त्यांना कुणी पैसे देत नसे, दिग्दर्शकही नसे.

आता चित्रफीत तयार आहे असं खुणावताहेत. गीता बालींकडे सगळ्यांचं लक्ष जाईल, जाऊ द्या. पण एकदा फक्त दादांचे पाय बघा. लहान मुलांना पुढे बसू द्या आणि काकांना कडेची खुर्ची द्या, त्यांना उठायला जागा लागेल.