सहा पट्ट्यांची वाटणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात बालवर्गाच्या पालकसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी व्यासपीठावरून मंडळाचा इतिहास सांगावा, पूर्वसूरींचे स्मरण करावे, अशी प्रथा आहे. ते काम आमच्याहून अधिकारी व्यक्तींनी केले आहे आणि पुढेही करतील. बालवर्ग चालवणाऱ्या आम्हा चार-पाच जणांच्या वाट्याला आलेला विषय मात्र अगदी लहान आहे, मुठीत मावेल एवढा. लाकडाच्या सहा पट्ट्या एकमेकींत अडकवून तयार होणारे एक कोडे आम्ही मुलांसाठी घडवले. ते कसे घडवले आणि का घडवले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून देतो. सारख्या जाडीच्या सहा चौकोनी पट्ट्या घ्याव्यात. त्यांच्या दोन-दोनच्या तीन जोड्या. एक जोडी उभी, दुसरी आडवी आणि तिसरी समोरून मागे जाणारी. तिन्ही जोड्या मध्यभागी एकमेकींना छेदतात आणि सर्व बाजूंनी सारखी दिसणारी एक काटेरी आकृती तयार होते. इंग्रजीत या कोड्याला एका काटेरी फळावरून नाव पडले आहे. आपल्याकडे त्याचा भाऊबंद शोधायचा तर रानातला सराटा आठवावा. चीनमध्ये सुतारांचा आद्य गुरू मानल्या गेलेल्या लू बानच्या नावाने ते ओळखले जाते. खिळा नाही, सरस नाही, दोरी नाही. प्रत्येक पट्टी शेजारणीच्या आधाराने उभी, आणि प्रत्येकीमुळे शेजारीण जागेवर अडून बसलेली.

ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. आपण ज्यांना हेमाडपंती म्हणतो, ती देवळे चुन्यावाचून उभी आहेत. एका दगडाला खोबण, दुसऱ्याला त्या खोबणीत बसणारी कूस, आणि वरून येणारा भार, एवढ्यावर ती शतकानुशतके टिकली. या बांधणीला ज्याचे नाव मिळाले तो हेमाद्रि तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी होता. बांधणी मात्र त्याच्याही आधीची आहे. अंबरनाथचे शिवालय १०६० सालचे, शिलाहारांच्या काळातले. सुटीत गावी जाताना सिन्नरला गोंदेश्वराच्या आवारात थांबणाऱ्या मंडळींनी मुलांना शिल्पे तर दाखवावीतच, पण दोन दगडांमधला सांधाही दाखवावा. त्या सांध्यात जी बुद्धी आहे, तीच या सहा पट्ट्यांत आहे.

आता रचनेकडे वळू. कोडे रचणे म्हणजे कोठेतरी मनास येईल तशा खाचा पाडणे नव्हे. तो जमाखर्चाचा मामला आहे. आमच्या पट्टीची जाडी २० मिलिमीटर आणि लांबी ६० मिलिमीटर. १० मिलिमीटरचा एक घन, असे माप धरले तर प्रत्येक पट्टीत २४ घन भरतात. सहा पट्ट्यांचे १४४. परंतु जोडून झालेल्या आकृतीत जागा आहे अवघी १०४ घनांची. याचा अर्थ ४० घन कोठून ना कोठून काढून टाकलेच पाहिजेत. पट्ट्यांची टोके हवी तेवढी लांबवा, हा ४०चा आकडा बदलत नाही. कारण तंटा सगळा मध्यभागी आहे.

तंटा हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. मध्यभागी ३२ जागा अशा आहेत की ज्यांवर एकीपेक्षा अधिक पट्ट्या हक्क सांगतात. त्यांपैकी २४ जागांवर दोघींचा दावा आणि अगदी आतल्या ८ जागांवर तिघींचा. प्रत्येक जागा कोणा एकीलाच द्यावयाची आणि बाकीच्यांनी तेथे खाच पाडून घ्यावयाची. २४ जागी एक-एक घन आणि ८ जागी दोन-दोन घन सोडले, की बरोबर ४० होतात. भाऊबंदकीच्या वाटणीपत्राहून हे काम फारसे निराळे नाही. फरक इतकाच, की येथे बांधावरून कोर्टात जाता येत नाही.

अशा वाटण्या किती होऊ शकतात? हिशेब केला तर त्यांची संख्या अकरा हजार कोटींच्या वर जाते. त्यांतील बहुतेक निरुपयोगी. काहींत एखादी पट्टी इतकी कोरली जाते, की तिचे दोन तुकडे पडतात. काहींत वाटणी कागदावर न्याय्य असते, पण प्रत्यक्षात शेवटची पट्टी आत घालायला वाटच उरत नाही. बिल कटलर या अमेरिकन गणितज्ञाने १९७८ साली संगणकाच्या साहाय्याने ही छाननी प्रसिद्ध केली. आत पोकळी न ठेवता जोडता येणाऱ्या रचना १,१९,९७९ निघाल्या, आणि त्यांत निरनिराळ्या ३६९ पट्ट्यांचा उपयोग होतो असे दिसले. साध्या आरपार खाचांनी घडवता येतील अशा पट्ट्या त्यांत फक्त २५. त्यांच्यापासून ३१४ रचना होतात. आत पोकळी चालेल असे म्हटले, तर मात्र क्षेत्र अफाट वाढते. १९९० साली पूर्ण झालेल्या गणनेत, तुकडे पडणाऱ्या पट्ट्या वगळूनही, अशा संभाव्य रचना साडेतीन हजार कोटींहून अधिक भरल्या. आतली पोकळी कोडे अवघड करते, हे ऐकून नवल वाटेल. पण पोकळी असली की पट्ट्या आतल्या आत सरकू शकतात, आणि पहिली पट्टी बाहेर काढण्यापूर्वी इतर दोन-तीन पट्ट्या कोठे तरी हलवून ठेवाव्या लागतात.

आम्ही मुलांसाठी पोकळी नसलेला, जुना आणि सोपा प्रकार निवडला. त्यात एक पट्टी अखंड असते; तिला एकही खाच नसते. म्हणून सगळे ४० घन उरलेल्या पाच जणींना सोडावे लागतात. ही अखंड पट्टी सर्वांत शेवटी आत जाते आणि सर्वांत आधी बाहेर येते. तिलाच किल्ली म्हणतात. कोडे हातात घेतले की बहुतेक जण गुंतागुंतीच्या खाचांची पट्टी निरखत बसतात. साध्या पट्टीकडे कोणाचे लक्ष जात नाही. रचणाऱ्याने सोडवणाऱ्यासाठी ठेवलेला हा आडपडदा आहे, आणि तेवढा पुरेसा आहे. सोडवणाऱ्याला हरवण्यासाठी कोडे रचू नये. सुटल्यावर त्याला स्वतःच्या बुद्धीचा आनंद व्हावा, रचणाऱ्याच्या बुद्धीचा दरारा वाटू नये.

घडवण्याबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. पटाशीने आतले कोपरे साफ कोरणे हे कसलेल्या हाताचे काम आहे. घरी करावयाचे असेल तर कापण्याऐवजी चिकटवावे. १० मिलिमीटरचे सुटे लाकडी घन आणून फेव्हिकॉलने हव्या त्या आकाराची पट्टी जुळवावी, गुण्या लावून काटकोन पाहावा आणि कडा पॉलिशपेपरने घासाव्यात. सुटे घन तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नयेत.

दुसरी गोष्ट दिल्लीच्या हवेची. लाकूड हवेतला ओलावा पिते आणि फुगते. लांबीत जवळजवळ नाही, पण जाडीत. मे महिन्यातल्या लूच्या दिवसांत चपखल बसवलेला सांधा ऑगस्टात हलता हलत नाही. मग तेच कोडे रत्नागिरीच्या आजोळी नेले तर काय होईल, हे सांगायला नको. कीर्तिनगरच्या लाकूडबाजारात म्हणून आम्ही सागवानाचा आग्रह धरला, कारण इतर पुष्कळ लाकडांच्या मानाने ते ऋतुमानाने कमी बदलते. आणि प्रत्येक सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीएवढी सैलता मुद्दाम ठेवली. सांधा इतकाच घट्ट असावा, की हवा बदलली तरी तो तुटू नये आणि अडूही नये.

आता, मराठी मंडळाच्या बालवर्गाने सुतारकाम का करावे, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर हेच या भाषणाचे प्रयोजन आहे.

आपली मुले मराठी समजतात. आजीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतात, आरती म्हणतात, गणेशोत्सवात नाटुकले सादर करतात. पण पाठ केलेली भाषा आणि कामाची भाषा यांत अंतर असते. ज्या वस्तू आपल्या हातातून जातात, त्यांचे शब्दही त्यांच्याबरोबर जातात. खाच, खोबण, कूस, पाचर, रंधा, कानस हे शब्द मुलांना शब्दकोशातून शिकवता येत नाहीत; ते हाताला चिकटून यावे लागतात.

म्हणून आम्ही एक नियम केला. दोन मुलांनी समोरासमोर बसावयाचे. एकाच्या हातात सुटलेले कोडे, दुसऱ्याच्या पुढे सुट्या पट्ट्या. पहिल्याने हात न लावता, बोट न दाखवता, केवळ मराठीत सांगावयाचे आणि दुसऱ्याने जोडावयाचे. आरंभी सगळा कारभार 'ये वाला' आणि 'उल्टा कर' यांवर चालला होता. 'खाच वर आला' असे मुले म्हणत, कारण हिंदीतला खाँचा पुल्लिंगी. पण चुकीचे सांगितले की पट्टी बसत नाही, आणि न बसलेली पट्टी मास्तरांपेक्षा अधिक कठोर असते. कोणते 'उल्टा', असे समोरचा विचारू लागला, तेव्हा 'पालथी' आणि 'उताणी' या दोन शब्दांची गरज निर्माण झाली. ढकल, लोट, सरकव, घुसव, टेकव या क्रियापदांतला फरक व्याकरणाच्या तासाला कधी पटला नसता. येथे तो पटला, कारण लोटले तर मोडते आणि सरकवले तर बसते. काही मुलांनी हाच खेळ रविवारी फोनवरून गावाकडच्या आजी-आजोबांशी खेळायला सुरुवात केली. एक पट्टीसंच तिकडे, एक इकडे. खुशालीच्या चार ठराविक वाक्यांपलीकडे संभाषण जात नव्हते, अशा घरांत तास-तास बोलणे होऊ लागले, आणि बोलणे कशाबद्दल, तर पट्टी कोणत्या कुशीवर ठेवायची याबद्दल.

येथे एक इशाराही दिला पाहिजे. अशी कोडी पुष्कळ घरांत असतात, पण सहसा डब्यात सुटी पडलेली. ज्याला ती जोडता येत होती तो माणूस गेला, उकल कोणी लिहून ठेवली नाही, आणि सहा पट्ट्या नुसत्या सहा पट्ट्या राहिल्या. लाकूड शाबूत आणि कोडे मात्र हरवलेले. म्हणून आमच्या वर्गात प्रत्येक मुलाने उकल स्वतःच्या शब्दांत, मराठीत, वहीत लिहून ठेवावी असा दंडक आहे. या मंडळाला पन्नास वर्षे होत असताना हा दंडक मोठ्यांनाही लागू करावा, असे आम्हांस नम्रपणे सुचवावेसे वाटते. हॉल कसा मिळवायचा, पंगतीचा हिशेब कसा बसवायचा, रुसलेल्याची समजूत कोणी काढायची, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ते लिहून ठेवावे.

शेवटी एक प्रस्ताव. पूर्वी आपली कुटुंबे पहाडगंज, करोलबाग आणि सरकारी वसाहतींत जवळजवळ राहत. आज ती नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरिदाबाद अशी पांगली आहेत, आणि महिन्याच्या सभेला येणे हा अर्ध्या दिवसाचा प्रवास झाला आहे. बालवर्गाने या वर्षी कोड्याचे जेवढे संच घडवले, ते कोणा एका घरी अखंड देऊ नयेत. प्रत्येक संचाच्या सहा पट्ट्या सहा निरनिराळ्या गावांतल्या सहा घरांना द्याव्यात, आणि किल्ली त्या सहांतल्या सर्वांत लहान मुलाच्या हाती असावी. कोडे जोडावेसे वाटले, की सहाही घरांनी एकत्र जमावे. एक जरी आले नाही तरी आकृती उभी राहणार नाही.

पट्ट्या बाहेर टेबलावर मांडल्या आहेत. जाताना प्रत्येक कुटुंबाने एकेक घेऊन जावी.