सासर मानवले!



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गुरुजी सांगत, की शब्द पारखल्यावाचून वापरू नये. या शिकवणीचे मोल मला एका घरगुती प्रसंगाने उमगले.

माझी धाकटी बहीण सौंसरजवळच्या एका खेड्यात दिली होती. 1994 साली पोळ्याला माहेरी आली, तेव्हा तिचा चेहरा वाटोळा झालेला, पोट सुटलेले. सगळे कौतुकाने म्हणाले, "सासर मानवले!" हातपाय मात्र काटकुळे झाले होते, जमिनीवरून उठताना तिला आधार लागे. पोटावर जांभळे पट्टे होते, हनुवटीवर केस आले होते, पाळी थांबली होती. लाजेपोटी हे तिने वर्षभर कोणाला सांगितले नाही. आणि आम्ही तरी एका वाक्प्रचाराखाली तिचे दुखणे झाकूनच टाकले होते.

पांढुर्ण्याहून आगगाडीने तिला नागपूरला नेले. तेथील डॉक्टरांनी आधी तिचे लग्नातले छायाचित्र मागितले आणि विचारले, "कोणाची पुडी, गोळी घेता का?" कारण ही लक्षणे बहुधा स्टेरॉइडच्या औषधांनीच उद्भवतात. उत्तर नकारार्थी आले. मग रात्री 11 वाजता डेक्सामेथासोनची 1 मिलिग्रॅम गोळी देऊन सकाळी 8 वाजता रक्त तपासले. निरोगी शरीरात या गोळीने कॉर्टिसोल हे संप्रेरक उतरते. तिचे उतरले नाही. पुढे, त्याला आज्ञा देणारे पीयूष ग्रंथीचे संप्रेरकही अगदी कमी आढळले. म्हणजे सेवक धन्याची आज्ञा नसताना राबत होता. त्यानंतरच सीटी स्कॅन झाला. डाव्या मूत्रपिंडाच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथीत गाठ निघाली. हा क्रम महत्त्वाचा. कारण या ग्रंथीत निरुपद्रवी गाठीही पुष्कळदा दिसतात. गाठ काय करते, हे चित्र सांगत नाही, रक्त सांगते.

हार्वे कुशिंग यांनी 1912 साली वर्णिलेली या व्याधीची रुग्णही एक तरुण स्त्रीच होती. अशा गाठींची रूपे अनेक. 1955 साली जेरोम कॉन यांनी दाखविले, की रक्तदाब वाढविणारी आणि पोटॅशियम घटविणारी गाठही या ग्रंथीत असते. काही गाठी पुरुषी संप्रेरके स्रवतात. वयात येताना हळूहळू वाढलेली लव बहुधा बीजकोशाच्या सामान्य विकाराची असते. परंतु थोड्याच महिन्यांत दाट केस आले, आवाज घोगरा झाला, तर अधिवृक्क आणि बीजकोश दोन्ही तपासलेच पाहिजेत.

शस्त्रक्रियेनंतर उरलेली ग्रंथी जागी होईपर्यंत बहिणीला काही महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. आज ती नातवंडांत रमली आहे.

मी वैद्य नव्हे, भाषेचा शिक्षक आहे. म्हणून एवढेच मागतो, की घरातल्या बाईचे रूप पालटले तर त्याला नाव देण्याची घाई करू नका. आधी तिला बोलू द्या. निदानाचा आरंभ तेथेच होतो.