संचयिकेची वही

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या शाळेतली संचयिका आठवते? शनिवारी बाई टेबलावर पत्र्याचा डबा ठेवायच्या, आपण चार आणे, आठ आणे भरायचो आणि वहीत नोंद करायचं काम माझ्याकडे असायचं. (काही जण घरून मिळालेल्या चार आण्यांची बोरं खाऊन यायचे. नावं घेत नाही, पहिल्याच रांगेत बसलेत.) त्या वहीपासून जी आकड्यांना चिकटले ती पुढे ३४ वर्षं बँकेत. म्हणून संयोजकांनी मला पैशाच्या नियोजनावर बोलायला सांगितलं. पैसे कुठे गुंतवावेत ते सांगणारे पुष्कळ आहेत. मी माझी फजिती सांगते.

घरचे सगळे व्यवहार मीच बघायचे. ह्यांना चेकबुकही माहीत नव्हतं, आणि मला त्याचा अभिमान होता! तीन वर्षांपूर्वी मला अचानक आयसीयूत ठेवावं लागलं. काउंटरवर पॉलिसी नंबर मागितला. हे म्हणाले, "ते तिला माहीत." ती आत, तोंडाला मास्क लावून. कार्ड माझ्या पर्समध्ये, पिन माझ्या डोक्यात. विमा असूनही पहिले पैसे नणंदेनं भरले.

घरी आल्यावर सगळे कागद जमिनीवर पसरून बसले. एका एफडीला नॉमिनी म्हणून माझी आई, लग्नाआधी लावलेली. आईला जाऊन ११ वर्षं झाली होती आणि मी ती एफडी डोळे झाकून रिन्यू करत होते. काउंटरवर बसून दिवसभर लोकांना ‘नॉमिनी तपासा’ सांगणारी मीच ती.

प्रॉव्हिडंट फंडात, म्हणजे ईपीएफमध्ये, लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्नानंतर आपोआप रद्द होतं. बँकेच्या ठेवीत तसं होत नाही, बदल आपणच करायचा. आणखी एक, नॉमिनीला पैसे मिळतात म्हणजे ते त्याच्या मालकीचे झाले असं नाही. मालकी मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानं ठरते. भावंडांत भांडणं इथेच लागतात, मी काउंटरवर बसून पाहिली आहेत. मुदत संपून दहा वर्षं कोणी न मागितलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती परत मागता येते, २०२३ पासून ‘उद्गम’ पोर्टलवर शोधताही येते. पण मुळात ठेव होती हे घरात कोणाला ठाऊक तर हवं!

आता आमच्याकडे एक वही आहे. खाती, पॉलिसी, लॉकर, नॉमिनी, एजंटाचा फोन, सगळं तीत. पिन आणि पासवर्ड नाहीत. त्याऐवजी खाती दोघांच्या नावावर, दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकेल अशी केली. गेल्या महिन्यात एक एफडी रिन्यू करायला हे एकटे बँकेत गेले. फॉर्म दोनदा चुकला म्हणे. मी बाहेर रिक्षात बसून होते, पण आत गेले नाही.

वहीच्या पानाचा नमुना छापून आणलाय. जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवलाय, जाताना घेऊन जा.