कॉलनी : एका शब्दाची कुळकथा

इंग्रजी भाषेंतील कांहीं शब्द मराठी घरांत इतके रुळले आहेत कीं, त्यांचें कूळ विचारण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. ‘कॉलनी’ हा त्यांपैकींच एक. दादरची हिंदु कॉलनी किंवा पारशी कॉलनी म्हटली कीं, आंखीव रस्ते आणि नीटनेटकीं घरें डोळ्यांपुढें येतात. तोच शब्द इतिहासाच्या पुस्तकांत भेटला म्हणजे त्याची ‘वसाहत’ होते आणि परक्या सत्तेची आठवण जागी होते. जीवशास्त्रज्ञ तर मुंग्यांच्या आणि जंतूंच्याहि कॉलन्या सांगतात. एका शब्दाला इतके अर्थ आले कोठून?

या शब्दाचें माहेर लॅटिन भाषेंत आहे. ‘कोलेरे’ म्हणजे जमीन कसणें, तेथें राहणें आणि देवाची उपासना करणें. जमीन कसणारा तो ‘कोलोनुस’ आणि त्याची वस्ती ती ‘कोलोनिया’. ‘ॲग्रिकल्चर’ आणि ‘कल्चर’ हीं याच घराण्यांतील भावंडें होत. शब्दाचा हा सात्त्विक स्वभाव पालटला तो रोमन लोकांच्या हातीं. जिंकलेल्या मुलखांत निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन त्यांनीं ज्या वस्त्या वसविल्या, त्यांना ‘कोलोनिया’ म्हणूं लागले. ऱ्हाइन नदीकांठच्या एका नगराला हा दर्जा इ. स. ५० मध्यें मिळाला. तें नगर म्हणजे आजचें कोलोन. तापांत कपाळावर ज्याच्या पट्ट्या ठेवीत, त्या कोलनवॉटरच्या बाटलीवरहि हेंच नांव असे.

भाषाशास्त्रज्ञ याहून मागें जातात. फिरणें, वळणें अशा अर्थाचा एक आद्य धातु ते ‘कोलेरे’च्या मुळाशीं मानतात. त्याच धातूची संस्कृत शाखा म्हणजे ‘चर्’. गुरांचें चरणें आणि त्यांचा चारा हे शब्द तिचेच मराठी वंशज. म्हणजे ‘कॉलनी’ आणि ‘चारा’ हे दूरचे कां होईना, पण आप्तच ठरतात.

या आप्तांची भेट गोरेगांवच्या टेकड्यांत झाली. मुंबई शहराच्या दाट वस्तींत तबेले असत. त्यांत म्हशींना मोकळीक नव्हती आणि शहराच्या आरोग्यालाहि तें बाधक होतें. १९४९ सालीं सरकारनें शहराबाहेर आरे येथें दुग्ध-वसाहत स्थापन केली. दुग्ध-आयुक्त दारा खुरोडी हे या योजनेचे सूत्रधार होते. सरकारनें तबेले बांधावे, कुरणें राखावीं आणि खाजगी मालकांनीं आपल्या म्हशी तेथें आणाव्या, अशी ती व्यवस्था होती. १९६३ सालीं खुरोडी यांना मॅगसेसे पारितोषिकाचा मान मिळाला. जी वस्ती जनावरांसाठीं वसविली, तिला मुंबईकर निःसंकोच ‘आरे कॉलनी’ म्हणूं लागले. जमीन राखणें आणि जिवांची निगा करणें हा शब्दाचा जुना अर्थ येथें नकळत परतला होता.

परंतु रोमन अर्थाचा अंशहि त्यांत उरला होता. ‘वसविली’ या क्रियापदांत जागा आधीं ओसाड होती असें गृहीत असतें. आरे ओसाड नव्हतें. केलटीपाडा, चाफ्याचा पाडा अशा पाड्यांत वारली आणि अन्य आदिवासी कुटुंबें राहत आलीं आहेत. वाघोबाला भजणारे हे लोक लॅटिन क्रियापदाचे तिन्ही अर्थ आचरीत होते : ते जमीन कशीत, तेथेंच राहत आणि तेथल्याच देवाला पूजीत. तरी त्या भूमीला नांव मिळालें तें मागाहून आलेल्या तबेल्यांच्या व्यवस्थेचें.

नांवाचा हा प्रश्न पुढें न्यायालयांत गेला. मेट्रोच्या कारशेडसाठीं झाडें तोडावयाची, तेव्हां आरे हें कायद्यानें जंगल ठरतें काय, असा वाद निघाला. ४ ऑक्टोबर १९१९ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं उच्च न्यायालयानें याचिका फेटाळल्या. त्याच रात्रीं तोड सुरू झाली. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें ती थांबविली, तोंवर दोन हजारांहून अधिक झाडें पडलीं होतीं. पुढें आरेची आठशेंहून अधिक एकर जमीन राखीव वन म्हणून वेगळी काढण्यांत आली, आणि कारशेडहि तेथेंच उभी राहिली.

कोणत्याहि भूमीस ‘कॉलनी’ म्हणावें, त्यांत वावगें कांहीं नाहीं. मात्र ती कोणी वसविली हें सांगतांना, त्यापूर्वीं तेथें कोण वसत होतें, हेंहि सांगितलें जावें. तरच जमिनीची सेवा हा त्या शब्दाचा पहिला अर्थ सार्थ होईल.