कुंपण शेत खाते तेव्हा
(हीरक महोत्सवी पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



वर्गातील एखादे मूल वारंवार लघवीला जाण्याची परवानगी मागू लागते. त्याची पाण्याची बाटली मधल्या सुट्टीआधीच रिकामी होते. पोटभर जेवूनही अंगावरचा गणवेश सैल पडतो. घरी दोष उन्हाळ्यावर जातो, तर शाळेत अभ्यास टाळण्याची शंका घेतली जाते. प्रत्यक्षात ही टाइप १ मधुमेहाची पूर्वसूचना असू शकते.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. गोड खाण्याने तो होत नाही, स्पर्शाने पसरत नाही आणि त्यात आईवडिलांचा दोषही नसतो. इन्सुलिनअभावी साखर रक्तात साचते, पेशी मात्र उपाशी राहतात. चरबी जळून रक्तातील आम्लता वाढते. उलट्या, पोटदुखी आणि खोल श्वास सुरू होतात. हे अपचन समजून दिवस दवडले, तर जिवावर बेतते. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या एका थेंबाची तपासणी मात्र काही क्षणांत धोका दाखवते.

इन्सुलिन उपलब्ध होण्यापूर्वी हे निदान म्हणजे मृत्यूची वार्ता असे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. २३ जानेवारीपासून दिलेल्या शुद्ध अर्काने गुण आला आणि तो मुलगा आणखी १३ वर्षे जगला. पुढे वसीम अक्रम यांनी १९९७ मध्ये मधुमेहाचे निदान झाल्यानंतरही अनेक वर्षे आंतरराष्ट्रीय क्रिकेट गाजवले.

आज खरा अडसर लपवण्याचा आहे. विशेषतः मुलीच्या बाबतीत ‘उद्या लग्नाचे कसे?’ या चिंतेने घर मौन धरते. मग डबा खाण्यापूर्वीचे इन्सुलिन चुकते, आणि साखर उतरल्याने घाम, थरथर, गोंधळ सुरू झाला, तरी शेजारी बसलेल्या मैत्रिणीला काही उमगत नाही. मूल शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि त्याला एकटे सोडू नये. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ दवाखान्यात न्यावे. एवढे ज्ञान वर्गातील प्रत्येकाला देता येते, पण त्यासाठी आजार आधी ठाऊक असावा लागतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षागृहात खाद्यपदार्थ नेण्याची मुभा दिली, तीही गरज उघडपणे मांडली गेली म्हणूनच.

पालकांनी निदान होताच वर्गशिक्षकांना विश्वासात घ्यावे. इन्सुलिन थांबवून ‘रामबाण’ उपायांच्या मागे लागू नये. मुलाला सहलीतून, खेळातून वगळू नये. माजी विद्यार्थ्यांपैकी जे असा आजार सांभाळून उभे आहेत, त्यांनी वर्गात येऊन एकदा तरी मुलांशी बोलावे. दप्तरात इन्सुलिन बाळगणाऱ्या एखाद्या मुलीला त्या दिवशी ते लपवावेसे वाटणार नाही.