पालुपदाचं पेटंट

दिवसाची नोकरी सांभाळून रात्री फुकट कोड लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने भाषणात क्षेत्राचा समग्र आढावा घ्यावा, अशी रीत आहे. ती मी आज मोडतो. मला बोलायचंय ते दोन वर्षांपूर्वी मी परत पाठवलेल्या एका पॅचबद्दल.

फोटो लावून ठेवायचं आमचं एक छोटं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. एका विद्यार्थ्याने त्यात एचईआयसी फोटो उघडायची सोय करून पाठवली. २०१७ पासून आयफोन याच स्वरूपात फोटो साठवू लागले, तेव्हा मागणी होतीच. कोड स्वच्छ, चाचण्या हिरव्या. मी ‘नको’ म्हटलं. पोरगा चिडला. ‘सर, लायब्ररी एलजीपीएल आहे. अजून काय पाहिजे?’

त्याला मी कीर्तनाच्या वहीचं उदाहरण दिलं. अभंग उतरवून घेताना पालुपद एकदाच लिहितात. पुढच्या प्रत्येक कडव्याखाली नुसतं ‘॥ध्रु.॥’. गाणाऱ्याला कळतं काय म्हणायचं ते. एलझेडडब्ल्यू नावाची संक्षेपाची रीत याच जातीची. ओळखीचा तुकडा पुन्हा आला की तो न लिहिता त्याचा क्रमांक टाकायचा. फरक एवढाच की क्रमांकांची यादी वाचणाऱ्याला द्यावी लागत नाही, ती वाचता वाचता आपोआप तयार होते. टेरी वेल्च यांनी १९८४ साली ही रीत लेखातून जगापुढे मांडली. लेख वाचून लोकांनी ती बिनधास्त वापरली. कॉम्प्युसर्व्हने १९८७ मध्ये काढलेल्या जीआयएफ या चित्रस्वरूपाच्या पोटातही तीच होती. मात्र वेल्च यांचा पेटंटचा अर्ज १९८३ सालीच दाखल झाला होता. १९८५ मध्ये मंजूर झालेलं ते पेटंट पुढे कंपन्यांच्या विलीनीकरणातून युनिसिसकडे आलं. १९९४ च्या डिसेंबरअखेर जाहीर झालं, की जीआयएफ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरला परवाना लागेल. सात वर्षं रुळलेल्या वाटेवर एका सकाळी नाका उभा राहिला.

पुढची गंमत मला फार आवडते. आठवडाभरात, म्हणजे जानेवारी १९९५ मध्ये, थॉमस बाउटेल यांनी नव्या स्वरूपाचा कच्चा आराखडा मांडला. १९९६ च्या ऑक्टोबरात तेच स्वरूप पीएनजी या नावाने डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झालं. रागातून जन्मलेलं हे पोर बापाहून गुणी निघालं: रंग जास्त, पारदर्शकता चांगली, संक्षेपही बहुधा सरस. फक्त त्याला हलता येत नव्हतं, आणि म्हणून हलणारी जीआयएफ टिकली. आज सकाळीही तुम्ही एखादी पुढे पाठवली असेल. दरम्यान मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी कसे दिवस काढले? लिबअनजिफ नावाची एक लायब्ररी होती. ती जीआयएफ लिहायची, पण संक्षेप न करता. वहीत प्रत्येक कडव्याखाली पालुपद पुरतं उतरवावं, तसं. फाइल फुगायची, पण वाचता यायची सगळीकडे. बाउटेल यांच्याच जीडी लायब्ररीतून जीआयएफ १९९९ मध्ये काढून टाकलं गेलं आणि पेटंटं सरल्यावर २००४ मध्ये परत आलं. अमेरिकेतलं पेटंट २००३ च्या जूनमध्ये संपलं, पण इतर देशांतली संपायला आणखी वर्ष गेलं.

आता त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. एलजीपीएल हा प्रताधिकाराचा परवाना. प्रताधिकार लिहिलेल्या ओळींवर असतो, पेटंट रीतीवर. ओळ न् ओळ तुम्ही स्वतः लिहिलीत तरी रीत दुसऱ्याची असू शकते. एचईआयसीचं वेष्टण उघडलं की आत एचईव्हीसी हे व्हिडिओ-संक्षेपाचं तंत्र निघतं, आणि त्याची पेटंटं एका घरची नाहीत. एकाहून अधिक पेटंटसंच, शिवाय त्यांच्याबाहेर राहिलेले मालक. परवान्याचे पैसे साधारणपणे प्रतीमागे मोजतात. आपल्या किती प्रती गेल्या हे आपल्याला ठाऊक असतं का? आणि कुणा दात्याने आपल्यापुरते भरले, तरी आपल्याकडून प्रत घेणाऱ्याला त्याचा उपयोग काय? तिथे मुक्त सॉफ्टवेअरची साखळीच तुटते. एमआयटी परवाना पेटंटबद्दल उघडपणे काही बोलत नाही. अपाची २.० आणि जीपीएल ३ बोलतात, पण ते कोड देणाऱ्याच्या पेटंटांपुरतं. तिऱ्हाइताला ते बांधू शकत नाहीत.

‘पण भारतात सॉफ्टवेअरला पेटंट मिळत नाही ना?’ हे मला चहाच्या वेळी हमखास ऐकवलं जातं. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) अल्गोरिदम आणि निव्वळ संगणकप्रणाली वगळतं, हे खरं. पण त्या ‘निव्वळ’ शब्दावर वकिलांचे संसार चालतात. शिवाय पेटंट देशापुरतं असतं आणि आपला कोड देशापुरता नसतो.

फेडोरा या लिनक्स वितरणाने काढलेली वाट मला पटते: असे फोटो उघडणारी लिबहाइफ लायब्ररी मुख्य भांडारात, पण एव्हीआयएफ या दुसऱ्या फोटोस्वरूपापुरती, एचईव्हीसीचा भाग बाहेरच्या आरपीएम फ्यूजनमध्ये, ज्याला हवा त्याने घ्यावा. एव्हीआयएफचा पाया असलेलं एव्ही-१ त्याच्या निर्मात्यांनी रॉयल्टीशिवाय दिलंय. तरी सिसवेल या पेटंट-परवाने देणाऱ्या कंपनीने त्यावरही पेटंटसंच उभा केलाच. पूर्ण निर्धोक वाट नाही. कमी धोक्याची निवडायची, आणि निवडलेली लिहून ठेवायची.

तो विद्यार्थी आज तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याचा एव्हीआयएफचा पॅच मी गेल्याच आठवड्यात सामावून घेतला. एचईआयसीचं प्लगिन त्याने वेगळ्या भांडारात ठेवलंय, आणि त्याच्या रीडमीची पहिली ओळ पेटंटबद्दल आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या प्रकल्पात ती ओळ नाही, त्यांनी ती आज रात्रीच लिहावी.