सेव्ह केलं, पण सिंक केलं का?
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी बजावलं आहे की आपल्या कामाबद्दल बोल, पण थोडक्यात. मी इमारतींच्या स्ट्रक्चरचं काम करतो. खांब, बीम, स्लॅब हेच माझं जग. त्यातली एक चूक आज सांगणार आहे. ती माझीच आहे.

त्याआधी आपलं हस्तलिखित आठवा. वर्षातून एक अंक आणि त्याची प्रतही एकच. नववीत असताना 'चित्र पूर्ण करतो' म्हणून मी ते घरी नेलं आणि मला ताप भरला. चार दिवस कुणालाच काही लिहिता आलं नाही. बाई रागावल्या त्या मात्र संपादक मंडळावर. मी घरी पांघरुणात होतो!

आता कामाकडे येतो. मी नोकरीला लागलो तेव्हा सगळं ऑटोकॅडवर चालायचं. प्रत्येक मजल्याची फाइल वेगळी. पेनड्राइव्हवर 'फायनल', 'फायनल 2' आणि 'एकदम फायनल' अशी भावंडं नांदायची. पुढे आम्ही रेव्हिट घेतलं. हे सॉफ्टवेअर 2000 साली बाजारात आलं आणि 2002 मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतलं. त्यात अख्खी इमारत एका फाइलमध्ये उभी राहते. बीमची खोली एकदा बदलली की त्या फाइलमधल्या प्लॅनमध्ये, सेक्शनमध्ये, सगळीकडे बदलते.

पण एका फाइलवर पाच जणांनी काम करायचं कसं? मूळ फाइल सर्व्हरवर असते, तिला सेंट्रल म्हणतात. सकाळी प्रत्येकाने तिची आपली लोकल प्रत काढायची, तिच्यावर काम करायचं आणि अधूनमधून 'सिंक' करायचं. सिंक केलं की माझे बदल सेंट्रलमध्ये जातात आणि इतरांनी पाठवलेले माझ्याकडे येतात. मी ज्या बीमला हात लावला तो माझ्या नावावर चढतो. मी सिंक करून तो सोडेपर्यंत दुसऱ्याला तो बदलता येत नाही. नुसतं 'सेव्ह' केलं तर बदल फक्त माझ्या प्रतीत राहतो. आजच्या गोष्टीचं मूळ या एका फरकात आहे.

आमचं तेव्हाचं ऑफिस लहान होतं. स्ट्रक्चर, एसी, प्लंबिंग, सगळे एकाच फाइलवर. एका पाच मजली इमारतीचं काम सुरू होतं. तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमधले बीम 450 मिलिमीटर खोलीचे होते. भार वाढला म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी ते 600 केले, माझ्या प्रतीवरून शटरिंगचा ड्रॉइंग छापून साइटवर पाठवला, सेव्ह केलं आणि कॉम्प्युटर बंद करून अमरावतीला लग्नाला गेलो. सिंक राहिलं.

एसीचं काम एक नवीन मुलगी बघायची. सोमवारी तिला डक्टसाठी त्याच बीममध्ये भोक ठेवायचं होतं. स्क्रीनवर आलं की बीम माझ्या नावावर आहे. तिने सॉफ्टवेअरमधून विनंती पाठवली, पण माझा कॉम्प्युटर बंद. फोन केला, पण मी वरातीत होतो. डक्टवाला घाई करत होता. शेवटी तिने सेंट्रलमध्ये दिसणाऱ्या 450 च्या बीमखालून डक्ट नेला आणि ड्रॉइंग दिला. तिच्या हातात जे होतं त्यावर तिने बरोबरच काम केलं होतं.

साइटवर बीम 600 चे भरले गेले. काही आठवड्यांनी सुपरवायझरचा फोन आला, "सर, डक्ट बसूनच नाही राहिला."

मीटिंग झाली. दीडशे मिलिमीटरची टक्कर, तयार झालेला पत्रा वाया, पॅसेजचं सीलिंग खाली येणार. साहेबांनी त्या मुलीला सगळ्यांसमोर विचारलं, "बीम न बघता डक्ट काढला?" ती म्हणाली, "सर, फाइलमध्ये 450 च होता." कुणी ऐकलं नाही. आणि मी गप्प बसलो.

त्या रात्री मी फाइलची हिस्टरी उघडली. कुणी, कधी सिंक केलं हे तिथे नावानिशी असतं. शुक्रवारच्या दुपारनंतर माझं नाव थेट गुरुवारी. दुसऱ्या दिवशी मी ते पान छापलं, साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना पुन्हा बोलवा म्हणालो. माझं इन्क्रिमेंट गेलं. ती मुलगी पुढे वर्षभर आमच्याकडे होती. माझ्याशी नीट बोलायची, पण काही विचारायचं असलं की फोन न करता लेखी विचारायची. तिचं बरोबर होतं.

आज वर्धा रोडवरून याल तेव्हा वर बघा. खाली जुना रस्ता, मध्ये महामार्गाचा उड्डाणपूल, वर मेट्रो. 3.14 किलोमीटरच्या या डबल डेकर पुलाची 2022 मध्ये गिनीज बुकात नोंद झाली होती. मधला रस्ता महामार्गाचा, रूळ मेट्रोचे, पण खांब एकच. महामेट्रोने आपले नकाशे आणि कागदपत्रं ठेवायला बेंटलीच्या प्रोजेक्टवाइजवर एक सामायिक जागा केली होती. अशा कामात एकाच्या खिशात राहिलेला बदल किती महागात पडेल, हे पाच मजल्यांवर पोळलेल्या माणसाला लगेच कळतं.

आता आमच्याकडे साधे नियम आहेत. साइटवर जाणारा कागद सेंट्रलशी सिंक झाल्याशिवाय छापायचा नाही. घरी जाण्याआधी सिंक करायचं आणि नावावरचं सगळं सोडायचं. रजेवर जाताना शेजारच्याला तोंडी सांगून जायचं. पहिले दोन सॉफ्टवेअर शिकवतं, तिसरा आपला आपल्याला शिकावा लागतो.

आणि बाई, तुम्ही आज समोर बसला आहात म्हणून सांगतो. नववीतलं ते हस्तलिखित माझ्याकडे अडकलं होतं. संपादक मंडळाची काही चूक नव्हती. सांगायला जरा उशीर झाला.